नाव घेणे आणि नाव पुसणे
('अ विंड इन द डोअर' या कादंबरीचा अभ्यास)

वाचकहो, जादू, देवदूत आणि प्रयोगशाळा या तिन्ही गोष्टी एकाच कथेत आल्या की ख्रिस्ती आईबाप साशंक होतात, आणि ते रास्तही आहे. इफिस येथील विश्वासणाऱ्यांनी आपली जादूटोण्याची पुस्तके स्वतःच्या हातांनी जाळली व त्यांची किंमत पन्नास हजार रौप्यनाणी भरली (प्रेषितांची कृत्ये १९:१९). परंतु त्याच अध्यायात थोडे आधी स्किवाच्या सात मुलांचा प्रसंग आहे, तोही आपण वाचावा. त्यांनी येशूचे नाव मंत्रासारखे वापरले. त्या नावाच्या धन्याशी त्यांची ओळख नव्हती. म्हणून दुरात्म्याने उलट त्यांनाच विचारले की तुम्ही कोण? ओळखीवाचून नावाचा वापर, ही जादूची खूण येथे स्पष्ट दिसते. याच कसोटीवर आपण एक कादंबरी तपासू या.

अमेरिकन लेखिका मॅडलिन लेंगल (१९१८–२००७) यांची 'अ रिंकल इन टाइम' १९६२ साली निघाली व १९६३ मध्ये तिला न्यूबेरी पदक मिळाले. तिचा पुढील भाग 'अ विंड इन द डोअर' १९७३ साली आला. लेखिका एपिस्कोपल मंडळीच्या सभासद होत्या. पहिल्या भागात मुले दूरच्या ग्रहांवर जातात. या भागात ती मेगच्या सहा वर्षांच्या आजारी भावाच्या, चार्ल्स वॉलेसच्या, एका पेशीत उतरतात. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचे वेगळे डी.एन.ए. असते, हे १९६३ मध्ये दिसून आले होते. तेथवर विज्ञान खरे आहे. त्या कणांच्या आत राहणारे 'फॅरँडोली' नावाचे जीव मात्र लेखिकेच्या कल्पनेतले आहेत.

मूळ भाषा शिकलेल्या माणसाला या कादंबरीतील नावे थबकवतात. मेगचा सोबती एक करूब आहे. असंख्य पंख, असंख्य डोळे. यहेज्केलाचा पहिला व दहावा अध्याय उघडून पाहावा. नाताळच्या कार्डावरील गुबगुबीत बाळाशी त्याचे काही नाते नाही, हे एका अर्थी बरेच झाले! त्याचे नाव प्रोगिनोस्कीस. रोमकरांस पत्र ८:२९ मध्ये देवाने आधीच ओळखले असे जे म्हटले आहे, तेथील ग्रीक क्रियापद हेच. पूर्वी या करूबाकडे सर्व ताऱ्यांची नावे पाठ करण्याचे काम होते. स्तोत्र १४७:४ मध्ये देव ताऱ्यांना नावांनी हाक मारतो. ज्या फॅरँडोलीवर चार्ल्सचे प्राण अवलंबून आहेत तो स्पोरोस, म्हणजे बीज. लूक ८:११ मध्ये हाच शब्द आहे, आणि त्याच दाखल्यात मूळ न धरलेले रोप वाळून जाते. कादंबरीतील स्पोरोसही मूळ धरायला नकार देतो, आणि त्यामुळेच मुलाचा जीव जाऊ लागतो.

सृष्टीतील प्रत्येक वस्तूचे नाव पुसून तिला शून्य करणारे जे आहेत, ते 'एख्थ्रॉइ'. ग्रीकमध्ये याचा अर्थ वैरी.

मेगची पहिली परीक्षा मला सर्वांत मोलाची वाटते. तिच्यासमोर शाळेचे मुख्याध्यापक जेन्किन्स एकाच वेळी तिघे उभे राहतात. दोघे वैरी आहेत, एक खरा. खऱ्याला तिने नावाने ओळखायचे आहे. पण प्रीतीवाचून नाव घेता येत नाही, आणि हा माणूस तर तिला मुळीच आवडत नाही. करूब तिला समजावतो की प्रीती ही भावना नसून कृती आहे. अखेर तिला कॅल्विनने सांगितलेली गोष्ट आठवते. त्या गरीब मुलाच्या पायात धड जोडे नव्हते. जेन्किन्स यांनी त्याच्यासाठी नवे जोडे विकत घेतले व त्याला संकोच वाटू नये म्हणून ते घासून जुने केल्यासारखे दाखवले. मेग त्या एका गोष्टीला धरून राहते. येथे मंत्र नाही, शक्ती मुठीत घेणे नाही; स्किवाच्या मुलांच्या नेमके उलट येथे घडते. म्हणून ही कादंबरी मुलांच्या हाती द्यावी, असे माझे मत आहे. आपल्या मंडळीतही ज्यांना आपण केवळ 'तो भांडखोर', 'ती गर्विष्ठ' म्हणून ओळखतो, त्यांच्या जोड्यांची गोष्ट आपण कधी विचारली आहे काय?

शेवटी मात्र एक अडचण उरते. करूब स्वतःला अर्पण करतो, आणि मेग एख्थ्रॉइंनाही कवेत घेऊन नाव देते, त्यांच्यावर प्रीती करते. लूक ६:२७ मध्ये प्रभूने ज्यांच्यावर प्रीती करण्यास सांगितले, त्या वैऱ्यांसाठी हाच ग्रीक शब्द आहे. पण निदणाच्या दाखल्यात, मत्तय १३:३९ मध्ये, रात्री निदण पेरणारा वैरीही याच शब्दाने ओळखला जातो, आणि तो सैतान आहे असे प्रभू स्वतः सांगतो. पहिली आज्ञा माणसांविषयी आहे. दुसऱ्या वैऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा शास्त्रात कोठेही नाही. लेखिकेने येथे दोहोंमधली रेषा पुसली आहे, असे मला वाटते. मुलांबरोबर ते शेवटचे प्रकरण वाचताना ही दोन्ही वचने शेजारी उघडून ठेवावीत, आणि मेगने योग्य केले काय, हे आधी मुलांनाच विचारावे.