मोटारीचा श्वास : हवेची गाळणी आणि तिच्यातील फेरबदल

मोटार पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो; परंतु वजन करून पाहिल्यास ती पेट्रोलपेक्षा हवाच कितीतरी अधिक खाते असे दिसून येईल. एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे त्यासाठी ११ किलोग्रॅम, अर्थात नऊ हजार लिटरांहून अधिक हवा एंजिनात यावी लागते. ही सर्व हवा ज्या एका दारातून आत शिरते, त्या दारावरील पहारेकरी म्हणजे हवेची गाळणी होय.

ही मूळची गाळणी काढून तिच्या जागी बाजारात मिळणारी दुसरी, अधिक ‘मोकळी’ गाळणी बसविण्याची हौस अनेक मोटारमालकांना असते. तसे केल्याने शक्ती वाढते व पेट्रोल वाचते, असे त्यांस सांगितले जाते. ह्या सांगण्यात तथ्य किती, हे पदार्थविज्ञानाच्या साध्या नियमांनी तपासून पाहणे हा प्रस्तुत पाठाचा उद्देश आहे.

एंजिनाची भूक

चार टप्प्यांच्या एंजिनात दट्ट्याच्या दर दोन फेऱ्यांत एकदा हवा आत ओढली जाते. १२०० घनसेंटिमीटर क्षमतेचे एंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असेल, तर ते मिनिटात १५०० वेळा १.२ लिटर, म्हणजे जास्तीत जास्त १८०० लिटर हवा ओढील. स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटास सुमारे सात लिटर हवा घेतो. तेव्हा हे लहानसे एंजिनदेखील अडीचशे माणसांइतका श्वास घेते असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या हवेबरोबर धूळही येते. आपल्याकडील रस्त्यांवरील धुळीत वाळूचा, म्हणजे गारगोटीच्या जातीच्या कणांचा, भरणा मोठा असतो. गारगोटी ही सिलिंडराच्या लोखंडाहून कठीण आहे. असे कण दट्ट्याची कडी व सिलिंडराची भिंत ह्यांमधील वंगणात मिसळले की ते वंगण न राहता घासण्याची लेप बनते. कडी झिजतात, दाब निसटू लागतो, एंजिन तेल जाळू लागते. हे नुकसान एका दिवसात दिसत नाही. जेव्हा दिसते तेव्हा ते भरून काढण्यास एंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नसते.

गाळणी कशी गाळते?

पिठाची चाळणी केवळ छिद्राहून मोठे कण अडविते. हवेची गाळणी ह्याहून चतुर आहे. कागदाच्या किंवा कापसाच्या तंतूंच्या जाळ्यातून हवा वळणे घेत जाते. जड कणांना ही वळणे साधत नाहीत. ते सरळ जाऊन तंतूंवर आदळतात. मध्यम कण तंतूंना चाटून जाताना चिकटतात. अगदी सूक्ष्म कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी इतस्ततः भटकत असता तंतूंवर येऊन पडतात. म्हणूनच गाळणीच्या छिद्रांहून लहान कणही तीत अडकतात. शिवाय साचलेली धूळ स्वतःच गाळू लागते. त्यामुळे थोडी मळलेली गाळणी कोऱ्या गाळणीपेक्षा अधिक बारीक गाळते.

जुन्या मोटारी व ट्रॅक्टर ह्यांत तेलाच्या भांड्याची गाळणी असे. तीत हवा तेलाच्या पृष्ठावरून एकदम वळविली जाई व धूळ तेलात पडे. पुढे घड्या घातलेल्या कागदाची गाळणी सर्वत्र रूढ झाली. घड्यांमुळे लहान जागेत पुष्कळ पृष्ठभाग मावतो व अडथळा कमी होतो. बाजारातील ‘मोकळी’ गाळणी बहुधा तारेच्या जाळीत धरलेल्या कापसाच्या विरळ कापडाची असते. ते कापड चिकट तेलाने भिजविलेले असते. ती धुऊन व पुन्हा तेल लावून अनेकदा वापरता येते, हा तिचा खरा गुण होय.

लाभाचे मोजमाप

गाळणीचा अडथळा मोजण्यास मोठे यंत्र लागत नाही. इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराच्या पारदर्शक नळीत रंगीत पाणी भरून तिचे एक टोक गाळणीच्या पलीकडील मार्गास जोडावे व दुसरे मोकळे ठेवावे. एंजिन हवा ओढू लागले की दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत फरक पडतो. तो फरक हेच अडथळ्याचे माप.

समजा, पूर्ण वेगात कागदी गाळणीने हा फरक २० सेंटिमीटर, तर नव्या गाळणीने १२ सेंटिमीटर आला. लाभ झाला ८ सेंटिमीटरांचा. वातावरणाचा संपूर्ण दाब पाण्याच्या सुमारे १०३३ सेंटिमीटर उंचीइतका असतो. तेव्हा एंजिनास मिळणारी हवा वाढली ती शेकडा ०.८ इतकीच! ७० अश्वशक्तीच्या एंजिनात ही वाढ अर्ध्या अश्वशक्तीहून किंचित अधिक भरते. चालकास ती जाणवणे कठीण. जाणवतो तो आवाज. मूळच्या गाळणीची पेटी ही हवेच्या ओढीचा आवाज शमविण्यासाठीही रचलेली असते. ती काढताच एंजिन गुरगुरू लागते, आणि कानास झालेला भास मन शक्ती समजते.

पेट्रोलच्या बचतीची गोष्ट ह्याहून दुबळी आहे. नेहमीच्या रहदारीत हवेस खरा अडथळा गाळणीचा नसून थ्रॉटलच्या अर्धवट मिटलेल्या झडपेचा असतो. गाळणी मोकळी केली तर तेवढीच गती राखण्यासाठी चालक नकळत ती झडप थोडी अधिक मिटतो, एवढेच. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असेच आढळले. इंधन फवारणीच्या आधुनिक मोटारींत पार तुंबलेल्या गाळणीनेही पेट्रोलचा खर्च लक्षात येण्याजोगा वाढला नाही. घट झाली ती वेग घेण्याच्या ताकदीत. तुंबलेल्या गाळणीने खर्च वाढतो ही समजूत कार्ब्युरेटरच्या जुन्या मोटारींच्या काळातील आहे.

उलट बाजू

मूळची पेटी काढून शंकूच्या आकाराची उघडी गाळणी एंजिनाशेजारी बसविली, तर ती बाहेरची हवा न ओढता बॉनेटखालची तापलेली हवा ओढते. हवेची घनता निरपेक्ष तपमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. बाहेर ४० अंश व बॉनेटखाली ७० अंश सेल्सिअस असल्यास हे प्रमाण ३१३ भागिले ३४३ होते. म्हणजे हवा शेकडा नऊच्या जवळपास विरळ झाली. मिळविले एक टक्क्याहून कमी आणि गमावले त्याच्या दहापट!

हे टाळण्यासाठी काहीजण लांब नळी लावून गाळणी खाली, चाकाजवळ नेतात. तेथे हवा थंड असते खरी, पण पाणीही जवळ असते. वरील एंजिनाच्या एका सिलिंडरात दट्ट्या वर आला असता सुमारे ३३ घनसेंटिमीटर जागा उरते. चहाच्या लहान पेल्याच्या निम्म्याहून कमी पाणी तीत भरले तरी पुरे. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. दट्ट्या अडतो व त्याचा जोडदांडा वाकतो. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईतील रस्ते जलमय झाले. अशा देशात हवेचे दार खाली आणणे शहाणपणाचे नव्हे.

तिसरा धोका मोजमापाचा. पुष्कळ आधुनिक मोटारींत आत येणारी हवा एका तापविलेल्या बारीक तारेने मोजली जाते व त्यानुसार पेट्रोल सोडले जाते. गाळणीस तेल जास्त झाल्यास ते उडून तारेवर बसते, त्यावर धूळ चिकटते व माप चुकते. नळीचा व्यास बदलल्यासही तारेचा हिशेब बिघडतो.

आणि सर्वांत मोठा प्रश्न धुळीचाच. समजा, एक गाळणी शेकडा ९९ भाग धूळ अडविते व दुसरी ९७ भाग. आकडे जवळजवळ सारखे वाटतात. परंतु १०० ग्रॅम धूळ आली असता पहिलीतून एक ग्रॅम व दुसरीतून तीन ग्रॅम आत जाईल. झीज करणारी सामग्री तिप्पट झाली. बिकानेरच्या वाळूत चालणाऱ्या मोटारीस हा फरक फार महाग पडेल. म्हणून गाळणी घेताना किती हवा सोडते एवढेच न विचारता, किती धूळ अडविते हेही विचारावे. आयएसओ ५०११ ह्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार दोन्ही गोष्टी मोजता येतात.

निष्कर्ष

शर्यतीच्या गाडीचे एंजिन पुन्हा पुन्हा उघडले जाते. तिच्या मालकास अर्ध्या अश्वशक्तीचेही मोल असते. कुटुंबाची मोटार अनेक वर्षे चालावयाची असते. तिच्या मालकाने मूळची पेटी शाबूत ठेवावी, कागदी गाळणी निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत, व धुळीच्या प्रदेशात त्याआधीच, बदलावी. कागद धुऊ नये. जोरदार हवेच्या झोताने तो झाडू नये, कारण त्यास न दिसणाऱ्या चिरा पडतात. पेटीचे झाकण व रबरी कड नीट बसली आहे ना, हे दर वेळी पाहावे. फटीतून गेलेली हवा गाळलेली नसते. धुण्याजोगी गाळणी वापरावयाचीच असेल, तर ती मूळच्या पेटीत बसणारी घ्यावी, पूर्ण वाळवावी व तेल बेताने लावावे. हमीपत्राच्या अटीही आधी वाचाव्यात.

अभ्यासासाठी प्रश्न

१. १५०० घनसेंटिमीटरचे चार टप्प्यांचे एंजिन मिनिटास २००० फेरे घेत असता जास्तीत जास्त किती हवा ओढील?
२. थोडी मळलेली गाळणी अधिक बारीक का गाळते? मग ती कायमची तशीच का ठेवू नये?
३. बाहेर २० अंश व बॉनेटखाली ५० अंश सेल्सिअस असता हवेची घनता शेकडा कितीने घटेल?