आलेखावरील नावे व एकक : ऑनलाइन गृहपाठातील एक धडा



दहावीच्या बीजगणितात दोन चलांतील रेषीय समीकरणांचा आलेख काढावा लागतो, हे आपण जाणताच. आलेख-कागदाच्या वरच्या कोपऱ्यात 'प्रमाण : दोन्ही अक्षांवर १ सेमी = १ एकक' असे लिहावयाचे, अक्षांना नावे द्यावयाची, बिंदूशेजारी निर्देशक आणि रेषेजवळ तिचे समीकरण लिहावयाचे. पुष्कळांना हे लिहिणे म्हणजे गणित संपल्यावरची सजावट वाटते. मलाही तसेच वाटे. मी कला शाखेचा पदवीधर. गणिताशी संबंध दहावीपर्यंतचा आणि पुढे बँकेतल्या आकड्यांचा. माझी समजूत कशी बदलली, ते येथे सांगतो.

नांदेडला आपल्या रविवारच्या अभ्यासवर्गासाठी मी मोबाईलवर सोडवावयाचा गृहपाठ तयार करतो. त्यासाठी जिओजेब्रा वापरतो. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली सुरू केलेली ही प्रणाली विद्यार्थ्यांना विनामूल्य मिळते. तिची मोठी सोय अशी की, आलेख हाताने काढावा लागत नाही. सूत्र लिहिले की रेषा आपोआप उमटते. सूत्रातील एखादा आकडा चिठ्ठी काढल्याप्रमाणे निवडण्यासही सांगता येते. मग प्रत्येक मुलाचा आकडा वेगळा, म्हणून आलेखही वेगळा. शेजाऱ्याचे उत्तर उतरवून भागत नाही. अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात १९९०च्या दशकात सुरू झालेली 'वेबवर्क' ही गृहपाठ-प्रणालीही याच तत्त्वावर चालते.

मी मूळचा लातूरचा, म्हणून उदाहरण पाण्याच्या रेल्वेचे घेतले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर अंतर तोडून पहिली गाडी लातूरला आली. तिला १० वाघिणी होत्या व त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींची, २५ लाख लिटरची गाडी येऊ लागली. म्हणजे दर वाघिणीस सुमारे ५० हजार लिटर. आडव्या क्ष-अक्षावर वाघिणींची संख्या ० ते ५०, उभ्या य-अक्षावर पाणी ० ते ३०००, हजार लिटरांत. समीकरण य = म × क्ष. खरा म सुमारे ५०. गृहपाठापुरते ४०, ४५, ५०, ५५, ६० यांपैकी कोणताही एक येईल असे ठेवले. प्रश्न सोपा होता : आलेख पाहून २० वाघिणींत किती लिटर पाणी ते सांगा.

पाचाच्याच पटीतले आकडे घेण्यास कारण आहे. म ५३ आला तर २० वाघिणींना १०६० येतात, आणि जाळीच्या रेघा शंभर-शंभरावर असल्याने हा बिंदू अंदाजाने वाचावा लागतो. पाचाच्या पटीला २० ने गुणले की शंभराची पट येते, बिंदू रेघेवरच पडतो. एवढा विचार मी केला होता व त्याचा मला थोडा अभिमानही होता.

चूक दुसरीकडे झाली. 'हजार लिटरांत' ही सूचना मी अक्षाजवळ न लिहिता आलेखाच्या मोकळ्या जागेत, क्ष = २८, य = ११५० येथून सुरू होईल अशी ठेवली. म = ५० घेऊन पाहिले; रेषा तेथे १४०० वर होती, अक्षरे तिच्या खाली स्वच्छ दिसत होती. गृहपाठ पाठवून दिला.

रविवारी एका मुलीचे उत्तर चूक निघाले. तिने ८०० लिटर लिहिले होते. यावयास हवे होते ८,००,०००. मी सर्वांसमोर म्हणालो, "एकक वाचायचा कंटाळा करता तुम्ही." ती गप्प बसली. वर्ग सुटल्यावर तिने मोबाईल पुढे केला. "काका, हजार तर खोडलेला आहे ना?"

खरेच होते. तिला म = ४० आला होता. ती रेषा क्ष = २९ च्या जवळ ११५० वर येते आणि नेमकी 'हजार' या शब्दावरून तिरपी जाते. उरते ते 'लिटरांत'. बँकेत खोडलेला आकडा आम्ही धरत नाही, तिनेही धरला नाही. ४० आलेली आणखी दोन मुले होती. त्यांपैकी एकानेही ८०० च लिहिले होते. पुढच्या रविवारी मी वर्गात माझी चूक सांगितली व दोघांचे गुण दिले. पण सर्वांसमोर बोललेले शब्द तसे परत घेता येत नाहीत.

आता दुरुस्ती पाहू. एकक हे अक्षाचे असते, म्हणून ते अक्षालाच जोडावे. जिओजेब्रा आपण होऊन अक्षांना नावे देत नाही. अक्षाच्या सेटिंगमध्ये नाव व एकक लिहिण्यास जागा असते, तेथे 'पाणी, हजार लिटर' असे लिहिले की कोणतीही रेषा आली तरी ते खोडले जात नाही. रेषेचे नाव मात्र रेषेजवळच हवे. त्याची जागा आकड्याने बांधू नये, सूत्राने बांधावी. मी आता क्ष = ३०, य = ३० × म − ३०० अशी जागा देतो. म ४० असता नाव ९०० वर येते व रेषा १२०० वर असते. म ६० असता नाव १५०० वर, रेषा १८०० वर. रेषा सरकली की नावही तिच्याबरोबर सरकते. नाव 'गाडीतील पाणी' एवढेच ठेवले; 'य = ४०क्ष' असे लिहिले असते तर आलेख वाचण्याचे कामच उरले नसते, नुसता गुणाकार उरला असता. आणि पाठवण्यापूर्वी सर्वांत लहान व सर्वांत मोठा म घालून दोन्ही चित्रे पाहतो. मधला आकडा पाहून भागत नाही.

नवा आलेख मी प्रथम त्याच मुलीला दाखवला. तिने तो बोटाने मोठा करून पाहिला, नावे ठीक आहेत म्हणाली. मग विचारले, "पण काका, साडेवीस वाघिणी कशा असतील? रेषा सलग का काढली?" तिचे म्हणणे बरोबर आहे. वाघिणी पूर्ण संख्येतच असतात, तेव्हा रेषेऐवजी ० ते ५० असे ५१ सुटे बिंदू हवेत. त्यांतल्या कोणत्या बिंदूंशेजारी निर्देशक लिहावेत, म्हणजे गर्दी होणार नाही व उत्तरही उघडे पडणार नाही, यावर पुढच्या रविवारी वर्गात बसणार आहोत.