धारेचा दगड गुळगुळीत झाला, तर?

प्रश्न : सुरीला धार लावायचा आमचा काळा दगड तेलाने चिकट झालाय, मधोमध खळगाही पडलाय. नवा घ्यावा का?

उत्तर : अजिबात नको. पोलादाची पूड आणि तेल छिद्रांत साचले, की दगडाचा दाणा झाकला जातो आणि सुरी नुसती घसरते. गॅसपासून दूर, मोकळ्या हवेत रॉकेल लावून ताठ ब्रशने घासा. मग कोमट पाण्याने व भांड्यांच्या साबणाने धुवा.

खळगा घालवण्यासाठी सपाट जाड काचेवर १२० नंबरचा वॉटर पेपर ठेवा. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि पाणी घालत घासा. सगळ्या रेघा पुसल्या, की दगड सपाट झाला. सावलीत वाळवा.

यापुढे धार लावताना दगडाची पूर्ण लांबी वापरा आणि काळा गाळ लगेच पुसा.