माइकचा ट्रान्सफॉर्मर : जुना घ्यावा की नवा?



१९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्या वेळी शाळेत जाणारी मुले आज ऐंशीच्या पुढे गेली आहेत. आपल्या समाजातील अशा आजी-आजोबांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जपून ठेवायला हव्यात, आणि हे काम फार दिवस थांबणारे नाही. अडचण एवढीच की वयाने आवाज हळू होतो. तो वाढवायला गेलो की खरखर आणि विजेची घूं घूंही वाढते. म्हणून माइकचा प्रीॲम्प्लिफायर चांगला हवा. तो घरी बनवता येतो, पण बनवणारा पहिल्याच पायरीवर अडतो : त्यातला ट्रान्सफॉर्मर जुना घ्यावा की नवा?

ट्रान्सफॉर्मर काय करतो?

पाठ्यपुस्तकात आपण त्याला रोहित्र म्हणतो. एका गाभ्यावर तारेची दोन वेटोळी. दुसऱ्यात दहापट वेढे असतील तर व्होल्टेज दहापट होते, आणि माइकचा १५० ओहमचा इम्पीडन्स पुढच्या भागाला शंभरपट, म्हणजे १५,००० ओहम दिसतो.

याचा फायदा आकड्यांत पाहू. १५० ओहमच्या माइकची स्वतःची उष्णताजन्य खरखर सुमारे ०.२ मायक्रोव्होल्ट असते. ५५३४ ही प्रसिद्ध चिप स्वतःची सुमारे ०.५ मायक्रोव्होल्ट घालते. म्हणजे माइक थेट जोडला तर चिपचीच खरखर वरचढ ठरते. मध्ये १:१० चा ट्रान्सफॉर्मर आला की माइकचा आवाज आणि त्याची खरखर दोन्ही दहापट होऊन चिपपाशी पोचतात आणि चिपची खरखर मागे पडते. शिवाय लांब केबलच्या दोन्ही तारांवर सारखीच शिरलेली घूं घूं तो बऱ्याच अंशी बाहेर ठेवतो.

१९३५ साली आपल्या शहरात डेक्कन रेडिओ सुरू झाला, तो व्हॉल्व्हचा काळ होता. तेव्हा माइकमागे ट्रान्सफॉर्मर लागतच असे. आज ट्रान्सफॉर्मरशिवाय चालणाऱ्या चांगल्या चिपा मिळतात, त्यामुळे तो अनिवार्य राहिलेला नाही. तरी साध्या मंडळात कमी खरखर आणि घूं घूंपासून बचाव या दोन गोष्टींसाठी तो अजून उपयोगी आहे.

जुन्याची कीर्ती कशामुळे?

१९७० च्या नीव्ह १०७३ या इंग्लिश प्रीॲम्पमधील मॅरिनेअर आणि सेंट आइव्ह्ज बनावटीचे ट्रान्सफॉर्मर आजही लोक शोधत फिरतात. त्यांच्या आवाजाला गोडवा आहे असे म्हणतात. त्यामागे विज्ञान आहे. गाभ्यातील चुंबकत्व सिग्नलच्या व्होल्टेजबरोबर वाढते आणि वारंवारता निम्मी झाली की दुप्पट होते. म्हणून मोठ्या, खर्जातल्या आवाजाला गाभा भरत येतो आणि मूळ आवाजात नवे स्वर मिसळतात. डग्ग्याची थाप किंवा ढोल मुद्रित करताना हे कानाला भरदार वाटते.

पण आजींच्या हळू बोलण्याने माइकमधून जेमतेम अर्धा-एक मिलिव्होल्ट येतो. एवढ्याने चांगला गाभा भरण्याच्या जवळपासही जात नाही. ज्या गोडव्यासाठी जास्त पैसे मोजायचे, तो आपल्या कामात बहुधा ऐकूच येणार नाही. आपल्याला हवे ते घूं घूंपासून संरक्षण, योग्य प्रमाण आणि खात्री.

नव्याची बाजू

जेन्सन, लुंडाल यांसारख्या कंपन्या प्रत्येक ट्रान्सफॉर्मरचे माहितीपत्रक देतात. उदाहरणार्थ, जेन्सनचा जेटी-११५के-ई हा १:१० प्रमाणाचा आहे. दुय्यम वेटोळ्यावर कोणता रोध लावायचा तेही पत्रकात असते. हा रोध चुकला तर वरच्या वारंवारतांना उसळी येते आणि ‘स’, ‘श’ टोचू लागतात. जुन्या, चिठ्ठी नसलेल्या नगाला तो प्रयोगानेच शोधावा लागतो. नव्याची अडचण म्हणजे किंमत.

बाजारात जाल तेव्हा

कोठीची गुजराती गल्ली असो की जुमेरात बाजार, हे लक्षात ठेवा :

१. जुन्या रेडिओतून निघतो तो बहुतेक वेळा स्पीकरचा ट्रान्सफॉर्मर. तो माइकला चालत नाही. माइकचा सहसा धातूच्या डबीत बंद असतो.

२. डबीचा व गाभ्याचा धातू बहुधा निकेलचा मिश्रधातू असतो. तो पडला-आपटला तर त्याचा गुण कमी होतो. पोचे आलेला नग घेऊ नये.

३. मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर तपासू नये. त्यातून जाणारा डी.सी. प्रवाह गाभ्यात चुंबकत्व मागे ठेवू शकतो.

४. मोबाइलवरून २०० हर्ट्झचा बारीक सूर प्राथमिक वेटोळ्याला द्यावा आणि दोन्ही बाजूंचे ए.सी. मिलिव्होल्ट मोजावेत. भागाकार म्हणजे वेढ्यांचे प्रमाण.

५. माइकच्या जागी १५० ओहमचा रोध जोडून नुसती शांतता मुद्रित करावी. ट्रान्सफॉर्मर हळूहळू फिरवून सर्वांत कमी घूं घूं येते ती दिशा शोधावी.

तुलना करताना दोन्हींची पातळी सारखी ठेवा, कारण जरा मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. कोणता नग चालू आहे हे ऐकणाऱ्याला सांगू नका.

पालकांना विनंती : मुलांना ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांवरच काम करू द्यावे. २३० व्होल्टच्या जोडण्या जाणत्या माणसाशिवाय नकोत.

आमचे मत असे : बोलण्याच्या मुद्रणासाठी माहितीपत्रक असलेला नवा नग घ्यावा. जुना वरील परीक्षेत उतरला तर तोही आनंदाने वापरावा. ‘जुने ते सोने’ हे खरे, पण सोनेसुद्धा कसोटीवर घासूनच घेतात.

स्वाध्याय

१. प्रमाण १:५ असेल तर १५० ओहमचा माइक पुढच्या भागाला किती ओहमचा दिसेल?

२. १०० हर्ट्झऐवजी ५० हर्ट्झचा, तेवढ्याच व्होल्टेजचा सूर दिला तर गाभ्यातील चुंबकत्व किती होईल?

३. घरातील वडीलधाऱ्यांशी पाच मिनिटे बोला व ते मुद्रित करा. साधा मोबाइलही चालेल. प्रीॲम्प तयार होईपर्यंत थांबू नका.