चार मिनिटांची भीती

थ्रिलर बनवणं सोपं असतं असं ज्याला वाटतं, त्याने तो एकदा बनवून बघावा! तिसऱ्या वर्षाला आम्ही सिनेमाचा इलेक्टिव्ह घेतला, तो खरं सांगायचं तर सोपे मार्क्स मिळतील म्हणून. सबमिशन होतं चार मिनिटांची शॉर्ट फिल्म, विषय थ्रिलर. आम्ही हॉस्टेलच्या चौघी, एक मोबाईल, एक उसना ट्रायपॉड आणि परवानगी काढून मिळवलेली मशीन्सची लॅब, एवढंच भांडवल. त्यात जे शिकलो ते पुढच्या बॅचला उपयोगी पडेल म्हणून हा लेख.

गोष्ट साधी होती. एक मुलगी विसरलेलं जर्नल आणायला संध्याकाळी लॅबमध्ये परत येते. बाहेरून कडी लागते. दिवे जातात. कुणाची तरी पावलं वाजतात. शेवटी कळतं की ते लॅब बंद करायला आलेले वॉचमनमामा आहेत. नायिका म्हणून आम्ही फर्स्ट इयरची एक ज्युनिअर पकडली.

पहिला कट नऊ मिनिटांचा झाला. रूमवर दहाबारा जणींना दाखवला तर हसून हसून सगळ्यांची पुरेवाट! चुकलं कुठे? दार बंद झाल्याचं नायिकेला आणि प्रेक्षकाला एकाच क्षणी कळत होतं. धाडकन आवाज, सगळ्या दचकल्या, संपलं.

इथे हिचकॉक कामाला आला. १९६२ साली फ्रान्स्वा त्रूफो या फ्रेंच दिग्दर्शकाने त्याच्या लांबलचक मुलाखती घेतल्या होत्या. त्यात त्याने एक उदाहरण दिलंय. दोन माणसं टेबलाशी गप्पा मारताहेत आणि अचानक टेबलाखालचा बॉम्ब फुटतो. प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. पण बॉम्ब ठेवलेला प्रेक्षकाला आधीच दाखवा, किती वाजता फुटणार तेही सांगा. आता त्याच कंटाळवाण्या गप्पा पंधरा मिनिटं श्वास रोखून ऐकल्या जातील. पहिला प्रकार धक्का, दुसरा सस्पेन्स.

आम्ही फक्त क्रम बदलला. कडी लावणारा हात आधी दाखवला, मग जर्नल शोधणारी मुलगी. एकही नवा शॉट न घेता तोच सीन बदलून गेला. पावलांचा आवाजही चित्राच्या दीड सेकंद आधी सुरू केला. याला जे-कट म्हणतात. कान आधी घाबरतो, डोळा मागून येतो.

इंजिनिअरिंगचाही उपयोग झाला बरं का! सुरुवातीच्या फुटेजमध्ये ट्यूबलाइटखाली काळे पट्टे सरकत होते. आपला सप्लाय ५० हर्ट्झचा, त्यामुळे जुनी चोक असलेली ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. मोबाईल शूट करत होता ३० फ्रेम्सने, शटर भलतंच. २५ फ्रेम्स आणि १/५० शटर ठेवल्यावर पट्टे गायब! दुसरी गोष्ट म्हणजे लॅबमधल्या नुसत्या शांततेचा अर्धा मिनिट आवाज रेकॉर्ड करून ठेवा. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो. तो कटच्या खाली अंथरला नाही तर प्रत्येक कट कानाला टोचतो.

आता मुख्य गोष्ट. आमच्या फिल्ममध्ये एक आठ सेकंदांचा शॉट होता. नायिका दार ओढते, उघडत नाही, आणि ती वळून कॅमेऱ्याकडे बघते. तो चेहरा बघून सगळ्या म्हणाल्या, काय अॅक्टिंग आहे! ती अॅक्टिंग नव्हती. 'नॅचरल' रिअॅक्शन हवी म्हणून आम्ही तिला न सांगता खरंच बाहेरून कडी घातली होती आणि मेन स्विच पाडला होता. मोबाईल आतल्या ट्रायपॉडवर चालू होता. आयडिया माझीच. दोनेक मिनिटांनी दार उघडलं, सगळ्या हसलो, तीही हसली.

दुसरा कट दाखवला तेव्हा ती माझ्या शेजारी बसली होती. तो शॉट आला आणि तिने मान खाली घातली. नंतर जिन्यात हळूच विचारलं, "ताई, हा शॉट ठेवायलाच हवा का? मला रात्री अजून तेच दार आठवतं."

मी काय बोलणार? अॅडमिशनच्या वेळी अँटी-रॅगिंगच्या अॅफिडेव्हिटवर सही करताना वाटलं होतं, हे आपल्यासाठी नाही, कुणा दुसऱ्यासाठी आहे. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. पण सीनियरने सांगितलं की ज्युनिअर हसते, हे कायद्याच्या किती आधीपासून चालू आहे! तिच्या हसण्याला आम्ही परवानगी समजलो.

शॉट काढायचा ठरला तेव्हा रूमवर भांडण झालं. "फिल्ममध्ये तेवढंच तर चांगलं आहे," असं एकीचं म्हणणं. उद्या सबमिशन, आणि मधोमध आठ सेकंदांचं भोक!

ते भोक बुजवलं कुलेशोव्हने. लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने साधारण शंभर वर्षांपूर्वी एक प्रयोग केला. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा सूपची वाटी, शवपेटीतली मुलगी आणि कोचावरची बाई यांच्या शॉट्सना जोडून दाखवला. लोकांना त्या एकाच चेहऱ्यावर भूक, दुःख आणि इच्छा दिसली. म्हणजे भाव चेहऱ्यावर कमी, जोडणीत जास्त.

आम्ही तिला सगळं सांगून, दार उघडं ठेवून, दिवसाउजेडी खिडक्या झाकून पुन्हा शूट केलं. तिने फक्त दाराकडे बघायचं होतं. चेहरा, हलणारी कडी, पुन्हा चेहरा, दाराखालची सावली. प्रत्येक शॉट दहाबारा फ्रेम्सने छाटत गेलो. सबमिशनच्या दिवशी वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता होती. आणि त्या शॉटमध्ये ती खरंतर संध्याकाळी मेसमध्ये काय असेल याचा विचार करत होती!

'सायको'मधला (१९६०) शॉवरचा प्रसंग आठवा. प्रत्यक्ष हल्ला मिनिटभराचाही नाही, पण शूटिंगला आठवडा लागला. रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं होतं. भीती तयार केली ती कटिंगने आणि बर्नार्ड हरमनच्या व्हायोलिन्सनी. पण त्याच हिचकॉकने 'द बर्ड्स'च्या (१९६३) वेळी काय केलं? यांत्रिक पक्षी वापरू असं सांगून प्रत्यक्षात जिवंत पक्षी आपल्यावर सोडले, ते पाच दिवस चाललं, असं नायिका टिपी हेड्रनने नंतर सांगितलं. ज्याला सिरपचं रक्त जमलं होतं, त्याला खऱ्या पक्ष्यांची काय गरज होती?

म्हणून पुढच्या बॅचला एवढंच सांगते. थ्रिलरमध्ये पात्राला कमी माहीत असावं, प्रेक्षकाला थोडं जास्त, आणि नटाला सगळं. तो आठ सेकंदांचा शॉट मी तिच्यासमोर डिलीट केला, रीसायकल बिनमधूनसुद्धा. पुढच्या वर्षी ती स्वतः फिल्म करणार आहे म्हणे. मला रोल देते का, ते बघू!