एककुष्ठ, सहज प्रतिकारशक्ती आणि बावचीचा विवेक

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सातव्या अध्यायात एककुष्ठाची गणना अकरा क्षुद्रकुष्ठांत केलेली आहे. घामाचा अभाव, विस्तृत व्याप्ती व माशाच्या खवल्यांसारखी त्वचा या लक्षणांवरून अनेक वैद्य त्याची तुलना सोरायसिसशी करतात.

या व्याधीत एचएलए-सी०६:०२ सारखी जनुकरूपे केवळ प्रवृत्ती देतात. व्याधी प्रकटण्यास हेतू लागतो. त्वचेस इजा होताच पेशींतील एलएल-३७ या प्रथिनाचे जनुक अधिक कार्यरत होते. हे प्रथिन मृत पेशींच्या डीएनएशी संयोग पावते. हा संयोग टीएलआर-९ या ग्राहकाद्वारे प्रतिकारपेशींना चेतवून इंटरफेरॉन स्रवण्यास भाग पाडतो, हे २००७ मध्ये सिद्ध झाले. पुढे आयएल-२३ व आयएल-१७ या संदेशद्रव्यांमुळे त्वचापेशींची वाढ अनेक पटींनी वेगावते. खरचटल्या जागी नवे मंडल का उठते, हे यावरून उमगते.

बावचीतील सोरालेन सूर्याच्या अतिनील किरणांच्या साहाय्याने पेशीविभाजन रोखते. तथापि मात्रा अधिक झाल्यास त्वचा भाजते आणि तो दाह बहुधा दोन-तीन दिवसांनी पूर्ण प्रकटतो. भाजलेली त्वचा हाच नवा हेतू ठरतो. यास्तव बावचीचा लेप लावलेल्या रुग्णास रावेर-यावलच्या केळीबागेत किंवा शिरपूर-शिंदखेड्याच्या शेतात वैशाखातील उन्हात काम करू देऊ नये. तसेच रुग्ण स्टेरॉइडच्या गोळ्या घेत असल्यास त्या एकाएकी बंद करू नयेत. सर्वांग लाल होऊन प्राणावर बेतू शकते. सांधे आखडत असल्यास तज्ज्ञाकडे पाठविण्यास विलंब नसावा.