परदेशी दत्तक आणि कागदपत्रे
वाचन : यिर्मया ३२:६-१५

यरुशलेमेला शत्रूचा वेढा पडलेला, यिर्मया स्वतः बंदीत. तरी अनाथोथचे शेत विकत घेताना त्याने एकही कागद टाळला नाही. सतरा शेकेल चांदी तोलून दिली, खरेदीखत केले, साक्षीदार घेतले, मोहोर केली आणि मोहोरबंद व उघडी अशा दोन्ही प्रती बारूखाकडून मातीच्या पात्रात ठेवविल्या. शेताच्या तुकड्यासाठी एवढी दक्षता, तर लेकरासाठी किती हवी?

हा प्रश्न आमच्या मंडळ्यांना लांबचा नाही. आमची मुलेबाळे परदेशी स्थायिक झाली आहेत. त्यांच्यापैकी कोणी मूल दत्तक घेण्याचे ठरविले, की एक फोन घरी येतो आणि दुसरा पाळकसाहेबांना : "ओळखीने एखादे बाळ बघा ना, कागदांत वर्षे जातात." त्यांची तळमळ खरी असते, आम्ही तिला हसत नाही. पण ओळखीने बाळ "बघणे" हा कायद्याने गुन्हा आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे ठरलेली रीत टाळून मूल देणाऱ्याघेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

ही रीत कशी आली ते पाहण्याजोगे आहे. १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांच्यापुरता होता. ख्रिस्ती जोडप्याला १८९० च्या कायद्याखाली न्यायालयाकडून केवळ पालनकर्ते म्हणून नेमून घ्यावे लागे. मूल सज्ञान झाले की ते नाते कागदावरून पुसले जाई. परदेशी जोडपीही याच वाटेने मूल नेत आणि आपल्या देशात दत्तक घेत. त्यात चालणाऱ्या गैरप्रकारांविषयी लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि १९८४ साली न्यायालयाने परदेशी दत्तकासाठी नियम घालून दिले. पुढे १९९० साली केंद्रीय दत्तक संस्था, म्हणजे 'कारा', स्थापन झाली. २००० च्या बाल न्याय कायद्याने कोणत्याही धर्माच्या माणसाला खरे दत्तक घेण्याची वाट मोकळी केली आणि २००३ साली भारताने हेग येथील आंतरराष्ट्रीय करार मान्य केला.

आता कागदांकडे वळू. परदेशी राहणाऱ्या जोडप्याने तेथील मान्यताप्राप्त संस्थेकडे जावे. तशी संस्था नसेल तर तेथील सरकारी दत्तक कार्यालयाकडे किंवा भारतीय वकिलातीकडे. घर, मिळकत, प्रकृती व स्वभाव पाहून गृह-अभ्यास अहवाल तयार होतो आणि काराकडे नोंदणी होते. पुढे बाळाचा अहवाल व वैद्यकीय तपासणीचे कागद वाचून सही करावयाची असते. ती सही घाईने करू नये, डॉक्टरला दाखवून करावी. मग काराचे ना-हरकत पत्र येते. आदेश पूर्वी न्यायालय देई, सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. शेवटी कराराप्रमाणे अनुरूपतेचा दाखला, नव्या आईबापांच्या नावाचा जन्मदाखला, पासपोर्ट व व्हिसा.

या गठ्ठ्यातील सर्वांत मोलाचा कागद, आमच्या मते, बाल कल्याण समितीचा आहे. मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मोकळे आहे, असे समिती त्यात जाहीर करते. आईने बाळ स्वाधीन केले असेल, तर तिला फेरविचारासाठी साठ दिवस मिळतात. टाकलेले मूल सापडले, तर आधी त्याच्या आईबापांचा शोध घेतला जातो. घेणाऱ्या जोडप्याला हे दिवस डोंगराएवढे वाटतात. परंतु ज्या आईने भीतीने किंवा दारिद्र्याने सही केली, तिच्या वतीने त्या सबंध व्यवहारात दुसरे कोण बोलणार? बाळाला तर बोलताच येत नाही.

नात्यातले मूल घ्यावयाचे असेल तरी सुटका नाही. कायद्यातील नाते म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजीआजोबा, एवढेच. चुलतभावाचे मूल आम्ही घरचेच समजतो. कायदा तसे समजत नाही.

आमच्या लोकांना एक अडचण हमखास येते, ती नावांची. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर दुसरे, पासपोर्टावर आडनावच निराळे! वडोदरा-इंदूरकडे तर एकच नाव गुजरातीत, हिंदीत व इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडते. अर्ज करण्यापूर्वीच ही नावे एकसारखी करून घ्यावीत. बाप्तिस्म्याचा दाखला जन्मदाखल्याची जागा घेईलच असे धरून चालू नये. गृह-अभ्यास अहवालाची मुदत तीन वर्षांची असते, ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवावी.

मंडळीकडे शिफारसपत्र मागितले, तर पंचांनी व शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी ठरावीक स्तुतीची चार वाक्ये लिहून देऊ नयेत. या जोडप्याला किती वर्षे ओळखतो, ती लहान मुलांशी कशी वागतात, रागावली तर काय करतात, हे लिहावे. शंका असेल तर सही करू नये, मग नातलग रुसले तरी चालेल.

बाळ परदेशी पोहोचल्यावरही दोन वर्षे त्याचे अहवाल येथे पाठवावे लागतात : पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. सगळ्या कागदांचा एक संच मुलासाठी वेगळा बांधून ठेवावा. मोठे झाल्यावर ते आपल्या जन्माची चौकशी करू शकते, नियमांनी त्याला तो हक्क दिला आहे. आणि त्या दिवशी ते पहिल्यांदा हाच संच मागेल.